निरुपयोगी औषधाची जोखीम

मागच्या पावसाळ्यात नातीला सर्दी झाली, तेव्हा घरात काही औषध आहे का हे पाहायला मी फ्रीज उघडला. दाराच्या खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी, खोकल्याच्या औषधाच्या तीन अर्धवट बाटल्या उभ्या होत्या. एकीचे बूच साखरेने घट्ट चिकटले होते, दुसरीच्या लेबलावर औषध ओघळून अक्षरे पुसली गेली होती आणि तिसरी कुणासाठी, कधी आणली हे घरातल्या कुणालाच आठवत नव्हते. भिंग घेऊन मी जेवढे वाचता आले तेवढे वाचले. दोन बाटल्यांची नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण दोन्हींत क्लोरफेनिरामाइन हे ॲलर्जीवरचे औषध होते; त्यांतल्या एकीत पॅरासिटामॉलही होते आणि सुनेने तापासाठी पॅरासिटामॉलचे वेगळे औषध नातीला तासाभरापूर्वीच पाजलेले होते. म्हणजे 'थोडे खोकल्याचेही देऊ या' असे म्हणून मी एक चमचा भरला असता, तर त्या मुलीच्या पोटात एकच औषध दोनदा गेले असते आणि आम्हां दोघांनाही त्याचा पत्ता लागला नसता.

आमच्या घरी काही घडले नाही. मात्र त्या बाटल्या पुन्हा आठवल्या त्या 2025 च्या ऑक्टोबरमध्ये, छिंदवाड्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा. मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली होती. छिंदवाड्याच्या माणसाला मोठा दवाखाना म्हटले की नागपूर आठवते. त्यामुळे त्यांतली अनेक मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि काहींचा शेवट तिथेच झाला. या मुलांना सर्दी-खोकल्यासाठी 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप दिले गेले होते. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या या सिरपच्या एसआर-13 या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य 48.6 टक्के आढळले. औषधात ते 0.1 टक्क्याहून अधिक असता कामा नये, असा दंडक आहे.

त्यानंतर जी चर्चा झाली ती कारखान्याची, औषध निरीक्षकांची आणि औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरच्या अटकेची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे: त्या बाटलीत विष नसते, सगळे घटक लेबलाबरहुकूम असते, तर त्या औषधाने त्या मुलांचे काय भले केले असते?

कोल्ड्रिफमध्ये तीन घटक होते: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन. पॅरासिटामॉल ताप उतरवते, त्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी ते एकटे पुरते. फेनिलेफ्रिन चोंदलेले नाक मोकळे करते असा समज होता. तोंडावाटे घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा त्यासाठी उपयोग होत नाही, असा एकमुखी निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये दिला. उरले क्लोरफेनिरामाइन. ते ॲलर्जीवरचे जुने औषध आहे, विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर लहान मुलांमध्ये त्याचा लाभ दिसत नाही, आणि त्याचा हमखास जाणवणारा परिणाम म्हणजे गुंगी. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलावर छापण्याचा आदेश आपल्याच केंद्रीय औषध यंत्रणेने डिसेंबर 2023 मध्ये काढला होता, म्हणजे छिंदवाड्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, ते औषध शंभर टक्के शुद्ध असते तरी त्यांतल्या चार वर्षांखालील मुलांना ते द्यायलाच नको होते.

औषधाची जोखीम ही लाभाच्या तराजूतच तोलावी लागते. कर्करोगावरच्या औषधाने केस गळतात, तरीही आपण ते घेतो, कारण दुसऱ्या पारड्यात जीव असतो. लहान मुलाच्या साध्या सर्दीत दुसऱ्या पारड्यात काहीच नसेल, तर पहिल्या पारड्यातली किंचितशी जोखीमही जास्तच म्हणायला हवी. मग ती भेसळीची असो, चुकीच्या मात्रेची असो किंवा एकच औषध दोनदा दिले जाण्याची असो. 'सिरप सुरक्षितपणे कसे वापरावे' या प्रश्नाचे पाच वर्षांखालील मुलांपुरते माझे उत्तर म्हणूनच असे आहे की, बहुतेक वेळा ते वापरूच नये. हे माझे पदरचे मत नाही. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी त्यांची सर्वसाधारणपणे शिफारस केली जात नाही. ब्रिटनने तर 2009 मध्येच दुकानात मिळणारी अशी बरीच औषधे सहा वर्षांखालील मुलांसाठी बंद केली होती.

मग इतकी वर्षे 'गुण आला' असे आपल्याला का वाटत राहिले? याचे एक कारण सर्दीच्या स्वभावात आहे. ती तिसऱ्या दिवशी जोर करते आणि आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरते. आपण औषध आणतो ते तिसऱ्या दिवशी, आणि उतार पडला की श्रेय बाटलीला जाते. दुसरे कारण अधिक खोल आहे. रात्रभर खोकणारे मूल औषध पाजल्यावर अर्ध्या तासात शांत झोपते. दोन रात्रींच्या जागरणाने थकलेल्या आईला ती झोप म्हणजे आजार हटल्याची खूण वाटते. प्रत्यक्षात ती गुंगी असते. खोकला कमी झालेला नसतो, खोकण्याची हुशारी कमी झालेली असते. लहान मुलाला बेडका थुंकता येत नाही, खोकून तो वर आणणे आणि गिळणे किंवा उलटीतून बाहेर टाकणे एवढेच त्याच्या हाती असते. म्हणूनच उलटी झाल्यावर पोर एकदम हलके होते, हे प्रत्येक आजीला ठाऊक आहे. तो खोकलाच दाबून टाकायचा, आणि त्याला उपचार म्हणायचे, हा व्यवहार उफराटा आहे.

आता भेसळीकडे वळतो, कारण तिला अपघात म्हणण्याची सोय मुंबईकरांना तरी नाही. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. औद्योगिक वापराचे ग्लिसरीन औषधी ग्लिसरीन म्हणून रुग्णालयात पोहोचले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन आणि सत्ताधारी यांच्यातील साटेलोटे ज्या कठोर शब्दांत उघडे पाडले, त्याची आठवण असलेले वाचक आजही असतील. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. त्याच्याही आधी, 1937 मध्ये, अमेरिकेत याच द्रव्यात विरघळवलेल्या सल्फानिलामाइड या जिवाणूंवरच्या औषधाने शंभरावर बळी घेतले होते आणि त्यातूनच पुढच्या वर्षी तिथला औषधांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. आपल्याकडे 1972 मध्ये चेन्नईत, 1998 मध्ये गुरगावात, 2019-20 मध्ये जम्मूजवळच्या रामनगरात मुले गेली. 2022 मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तानमध्ये मुले गेली, तेव्हाही संशयाची बोटे भारतात बनलेल्या सिरपकडेच वळली.

हे द्रव्य औषधात येते कुठून, याचे उत्तर स्वयंपाकघरात समजेल इतके सोपे आहे. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही. त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनसारखे द्रावक लागते. औषधासाठीचे शुद्ध द्रावक महाग असते, कारखान्यांसाठीचे स्वस्त असते. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसेच पारदर्शक, दाट आणि चवीला गोडसर असते. मुलाच्या जिभेला फरक कळत नाही, आईच्या डोळ्यांना कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही. तो कळतो फक्त प्रयोगशाळेत, आणि औषधात मिसळण्यापूर्वी द्रावकाची चाचणी करणे ही कारखान्याची जबाबदारी आहे. ती टाळली की पुढचा प्रत्येक जण आंधळा असतो. पोटात गेल्यावर आधी उलट्या आणि पोटदुखी होते, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि थांबते. आपल्याकडे मूल मलूल झाले तर आपण कपाळाला हात लावून ताप पाहतो, पण 'शेवटची शू कधी केली होती?' हा प्रश्न क्वचितच विचारतो. कोणतेही पातळ औषध सुरू असताना मुलाला सात-आठ तास लघवी झाली नाही, तर बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

गांबियाच्या घटनेनंतर सरकारने 1 जून 2023 पासून निर्यातीच्या प्रत्येक सिरपसाठी ठरावीक प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. देशातल्या मुलांच्या वाट्याच्या सिरपला मात्र तेव्हा तशी अट लागली नाही. परदेशात अब्रू जाते म्हणून तपासणी करायची आणि परासियातल्या बाळासाठी कारखानदाराच्या शब्दावर विसंबायचे, या भेदभावाचे समर्थन मला तरी कुणाकडून ऐकायला मिळालेले नाही.

पण सरकारला धारेवर धरताना आपण ग्राहक म्हणून कसे वागतो, तेही पाहायला हवे. संध्याकाळी सात वाजता कोणत्याही मेडिकलसमोर दहा मिनिटे उभे राहावे. स्कूटर बंद न करताच कुणीतरी विचारतो, 'पोराला खोकला झालाय, चांगलं काहीतरी द्या.' काउंटरवरचा मुलगा फार तर 'कोरडा की कफाचा?' एवढे विचारतो. वय विचारत नाही, वजन तर नाहीच. बाटली कागदात गुंडाळली जाते, पैसे दिले जातात, पावती कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. चिठ्ठीशिवाय विकू नये असे त्याच बाटलीवर छापलेले असते, ते दोघांनाही ठाऊक असते. खेड्यात तर तेवढेही बंधन नव्हते: औषध नियमांच्या 'के' परिशिष्टात हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावांसाठी काही घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची जी मुभा दिलेली होती, तिच्यात बामाच्या आणि एरंडेलाच्या शेजारी खोकल्याचे सिरपही बसवलेले होते. एके काळी दवाखाना वीस मैलांवर होता तेव्हा या मुभेला अर्थ असेल. आज मला तो दिसत नाही.

डॉक्टरांची बाजूही ऐकून घ्यावी लागते. माझे एक बालरोगतज्ज्ञ स्नेही म्हणतात, 'औषध लागत नाही असं सांगितलं की पालक फी देताना नाराज होतात आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या दवाखान्यात जातात. सिरप लिहायला दहा सेकंद लागतात, समजावून सांगायला दहा मिनिटं.' बाहेर वीस पेशंट बसलेले असताना ही अडचण खोटी नाही. आपल्याला तपासणीची फी जड वाटते, औषधाची जड वाटत नाही. 'काहीच दिलं नाही हो' ही आपल्याकडे डॉक्टरविषयीची तक्रार असते. शिवाय बाटलीत विष असल्याचे डॉक्टरला कळणे शक्य नाही, हा त्यांच्या संघटनांचा मुद्दाही बरोबर आहे. पण तो मुद्दा एका मर्यादेपर्यंतच टिकतो. बाटलीत काय आहे हे डॉक्टरच्या हाती नसेल. दोन वर्षांच्या मुलाला तीन औषधांचे मिश्रण लिहायचे की नाही, हे पूर्णपणे त्याच्या हाती आहे.

मग मुलाला द्यायचे तरी काय? नाकात सलाइनचे थेंब, थोडे थोडे कोमट पाणी, वरण, पेज, अंगावर पिणाऱ्याला आईचे दूध आणि एक वर्ष पूर्ण झाले असेल तर झोपताना अर्धा-एक लहान चमचा मध. वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो, आणि आपल्याकडे जन्मतःच बाळाच्या जिभेवर मध लावायची रीत आहे म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. घरगुती ते निर्धोक, हा समजही तपासून घ्यायला हवा. मालिशवाल्या बाईंनी बाळाच्या नाकात सोडलेले तेल फुफ्फुसात उतरू शकते. ब्रँडीचे 'दोनच थेंब' तान्ह्या मुलासाठी दारूच असतात. वाफाऱ्याचे पातेले कलंडून भाजलेली मुले सरकारी रुग्णालयाच्या जळीत कक्षात दर हिवाळ्यात दिसतात. अडुळशाचे म्हणून विकत आणलेले सिरपही कारखान्यातच बनते, त्यामुळे त्याच्या शुद्धतेचा प्रश्न वेगळा नाही.

सर्दीत घाबरायचे केव्हा, हे मात्र प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे, आणि त्यासाठी घड्याळापलीकडे काही लागत नाही. मूल शांत असताना किंवा झोपेत असताना त्याचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक भरले, तर तो न्यूमोनिया असू शकतो. बायका ज्याला 'पोट उडतंय' म्हणतात ते, म्हणजे श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, ओठ निळे पडणे, मुलाने पिणे सोडणे किंवा जागे करूनही ते डोळे न उघडणे, यांतले काहीही दिसले तर एक क्षणही घरी थांबू नये. आशा सेविका हे मोजमाप गावोगाव करतात. सिरप दिल्याने या मुलाचे नुकसान दुहेरी होते: रोग हटत नाही आणि गुंगीमुळे त्याची खूण झाकली जाते.

मोठ्या मुलांना डॉक्टरने औषध लिहून दिलेच, तर सारी भिस्त मोजमापावर असते. 'एक चमचा' म्हणजे 5 मिलिलीटर, पण आपल्या घरात चहाचा चमचा असतो, पोहे खायचा असतो आणि आमटी वाढायचा तर पळीच्या जवळ जाणारा असतो. बाटलीबरोबर आलेले मापाचे झाकण किंवा सिरिंज हीच खरी. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: किलोमागे एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला जास्तीत जास्त 150 मिलिग्रॅम. बाजारात त्याचे सिरप 5 मिलिलीटरला 120 मिलिग्रॅमचे मिळते आणि 250 मिलिग्रॅमचेही मिळते. तान्ह्यांसाठीच्या ड्रॉप्समध्ये तर एकाच मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम असते. ड्रॉप्सची बाटली लहान दिसते म्हणून औषध सौम्य असेल असे वाटते. ते उलट तीव्र असते, आणि ते चुकून चमचाभर दिले तर 500 मिलिग्रॅम पोटात जाते.

प्रौढांची गोष्ट वेगळी आहे, ती थोडक्यात सांगतो. गुंगीचे सिरप घेऊन दुचाकी चालवू नये, मधुमेह्याने त्यातली साखर आणि रक्तदाब असणाऱ्याने फेनिलेफ्रिन विसरू नये. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, महिनोन्‌महिने सिरप पिणाऱ्या कित्येक वडीलधाऱ्यांचा कोरडा खोकला त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळीमुळे असतो. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी तसे होते आणि गोळी बदलली की तो थांबतो. दोन आठवड्यांहून अधिक चाललेल्या खोकल्याला बाटली नव्हे, बेडक्याची तपासणी हवी. क्षयरोगासाठी ती सरकारी केंद्रात मोफत होते.

सरकारकडून माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. चार वर्षांखालील मुलांना देऊ नये ही सूचना भिंगाशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत, बाटलीच्या दर्शनी बाजूला आणि राज्याच्या भाषेत असावी. मुलांच्या प्रत्येक पातळ औषधाबरोबर माप देणे सक्तीचे असावे. द्रावकाच्या आणि तयार सिरपच्या तपासणीचे निकाल बॅचवार, कुणालाही पाहता येतील असे खुले असावेत. निर्यातीसाठी जे जमते ते परासियासाठीही जमावे. आणि मेडिकलवाल्याने पावतीवर औषधाचे नाव व बॅच क्रमांक लिहून देण्याच्या नियमाची अंमलबजावणी व्हावी. ही शेवटची गोष्ट कारकुनी वाटेल, पण ऑक्टोबरात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-13 बॅचचे औषध कुणाकडे असल्यास वापरू नये आणि तातडीने कळवावे असे आवाहन केले, तेव्हा मी आमच्या फ्रीजमधल्या बाटल्या पुन्हा बाहेर काढल्या. कोल्ड्रिफ त्यांत नव्हते. पण तिन्हींचे बॅच क्रमांक वाचायचा प्रयत्न केला, तर एकाच बाटलीवरचा लागला. दुसरीवरचा औषधाच्या ओघळात विरघळला होता आणि तिसरीवरचा, कुणीतरी किंमत झाकण्यासाठी चिकटवलेल्या दुकानाच्या चिठ्ठीखाली गेला होता. पावती एकीचीही नव्हती.